सगळ्या वाटा एकाच मोक्षाला जातात का?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांचे आजोबा माळकरी, घरात रोज तिन्हीसांजेला हरिपाठ. आईचं माहेर सोलापूरकडचं माध्व, म्हणजे मध्वाचार्यांचं द्वैत मत मानणारं. तिकडे गोपीचंदनाच्या मुद्रा आणि कडकडीत एकादशी. ते स्वतः योगसूत्रं हाताशी धरून ध्यानाला बसतात. घरच्या कार्याला सगळे जमले की विषय निघतो, थोडा तापतो, आणि कुणीतरी ‘अहो, शेवटी सगळं एकच’ म्हणून पानं मांडायला उठतं. हे ‘एकच’ खरं आहे का, तिघांना मिळणारा मोक्ष एकच का, आणि नसेल तर आपण दोन-तीन गोष्टी एकत्र करतो त्याचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

मी बरीच वर्षं वेदान्ताचे पाठ घेतो. शांकरभाष्य शिकवतो आणि ज्ञानेश्वरीही सांगतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपवण्यात अर्थ नाही. पण या प्रश्नाचं पहिलं उत्तर कल बाजूला ठेवूनही देता येतं: ज्या आचार्यांच्या नावाने या वाटा चालतात, त्यांना विचारलं तर ते ‘एकच’ म्हणत नाहीत. एकमेकांना सरसकट खोटंही ठरवत नाहीत. ते तिसरंच काहीतरी करतात आणि खरी गंमत तिथे आहे.

आधी ‘सगळं एकच’ याला पुरावा म्हणून जे श्लोक पुढे केले जातात, ते पाहू. संध्येच्या शेवटी आपण म्हणतो, ‘आकाशात्पतितं तोयं यथा गच्छति सागरम्, सर्वदेवनमस्कारः केशवं प्रति गच्छति’. आभाळातून पडलेलं पाणी जसं समुद्राला मिळतं, तसा कुठल्याही देवाला केलेला नमस्कार केशवाला पोचतो. आता शिवमहिम्नाचा सातवा श्लोक घ्या. वेद, सांख्य, योग, पाशुपत मत, वैष्णव मत अशा वेगवेगळ्या वाटा. ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे कुणी सरळ जातो, कुणी वळणावळणाने. पण ‘नृणामेको गम्यस्त्वमसि पयसामर्णव इव’, सगळ्यांचं पोचायचं ठिकाण तू एकच, जसा पाण्याला समुद्र. स्वामी विवेकानंदांनी 11 सप्टेंबर 1893 ला शिकागोच्या व्यासपीठावर याच श्लोकाचा आधार घेतला होता. दोन्ही श्लोक आपल्याकडे एकाच घरात, एकाच तोंडून म्हटले जातात, म्हणून लक्षात येत नाही. पण एकात समुद्र केशव आहे आणि दुसऱ्यात शंकर. महिम्नात वैष्णव मत ही शिवाकडे येणारी एक नदी आहे. संध्येत शिवाला घातलेला नमस्कार ही केशवाकडे येणारी नदी. नद्या सगळ्या मान्य, समुद्र मात्र ज्याचा त्याचा.

याच सातव्या श्लोकावर अद्वैती संन्यासी मधुसूदन सरस्वतींनी टीका लिहिताना सगळ्या शास्त्रांचा आढावा घेतला. तो भाग पुढे ‘प्रस्थानभेद’ म्हणून स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं की, ही दर्शनं सांगणारे मुनी भ्रमात नव्हते, ते सर्वज्ञ होते. मग त्यांनी वेगवेगळं का सांगितलं? बाह्य विषयांत गुंतलेल्या माणसाला परमपुरुषार्थ एकदम पेलत नाही. तो नास्तिकतेकडे वळू नये म्हणून त्याला पेलेल तेवढं दाखवलं. किती उदार! पण उदारपणाचा शेवट कुठे होतो ते पाहा: सगळ्यांचं अंतिम तात्पर्य अद्वैतात, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच या मतात. आणि याच मधुसूदनांनी ‘अद्वैतसिद्धी’ लिहिली, ती व्यासतीर्थांच्या ‘न्यायामृत’ या, जीव आणि ईश्वर वेगळे मानणाऱ्या द्वैती ग्रंथाला जवळजवळ ओळीओळीने उत्तर म्हणून. सगळ्या नद्या एकाच समुद्राला जातात म्हणणाऱ्यानेच समुद्र कुठला यावर आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई लढली. ‘सगळं एकच’ म्हणणाऱ्याला वाद घालण्याचं कारणच उरत नाही, आणि मधुसूदनांना तर ते भरपूर होतं.

या व्यासतीर्थांचे शिष्य म्हणजे पुरंदरदास. कानडीतली त्यांची पदं ‘पुरंदर विठ्ठल’ या नाममुद्रेने संपतात. तेव्हा तुमच्या आजोबांचा विठ्ठल आणि तुमच्या आजोळचा विठ्ठल एकच. आषाढी एकादशीला वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात असतो आणि माध्व त्याच दिवशी स्वामींकडून तापवलेल्या शंखचक्राच्या मुद्रा दंडावर उठवून घेतो. देव एक, तिथी एक. पण विठ्ठलाकडून शेवटी काय मिळतं, याबद्दल या दोघांचं जमत नाही.

का जमत नाही? इथे बहुतेक जण घाई करतात. मोक्ष म्हणजे सुटका. कशातून सुटका, हे ठरल्याशिवाय सुटल्यावर काय उरतं ते ठरत नाही. आणि बंधन कशाचं, याबद्दलच मतभेद आहेत.

शंकराचार्यांच्या मते बंधन मुळात घडलेलंच नाही; ते अज्ञानाने वाटतं. म्हणून ते ज्ञानानेच जातं, दुसऱ्या कशाने नाही. कर्म चित्त शुद्ध करतं, उपासना ते एकाग्र करते, पण शेवटचा घाव ज्ञानाचा. जे होतोच ते कळलं, इतकाच मोक्ष. म्हणून तो इथे, या देहात, प्रारब्ध संपेपर्यंत देह चालू असतानाही असू शकतो. त्यालाच जीवन्मुक्ती म्हणतात.

रामानुजाचार्यांना हे मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने जीव खरा, जग खरं, बंधनही खरं, कर्माने आलेलं. ते ईश्वराच्या प्रसादाने सुटतं आणि पुरतं सुटतं ते देह पडल्यावर. मुक्त जीव वैकुंठात जातो, नारायणाच्या सेवेत राहतो, आनंदाच्या बाबतीत त्याच्या बरोबरीला येतो. मात्र जग निर्माण करणं, चालवणं हा अधिकार त्याला मिळत नाही. वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या शेवटच्या पादात ‘जगद्व्यापारवर्जम्’ असं स्पष्ट सूत्रच आहे. जीवन्मुक्ती ही कल्पना त्यांनी सरळ नाकारली.

तुमच्या आजोळचं मत तर याहून धारदार आहे. मध्वाचार्यांच्या मते जीव-ईश्वर, जीव-जीव, जीव-जड, ईश्वर-जड, जड-जड हे पाचही भेद खरे आणि कायमचे. मोक्षातही ते जात नाहीत. इतकंच काय, मुक्तांमध्येसुद्धा आनंदाचं तारतम्य, म्हणजे कमी-जास्तपणा, असतो. तैत्तिरीय उपनिषदात मनुष्याच्या आनंदाच्या शंभरपट, त्याच्या शंभरपट असं करत ब्रह्मदेवाच्या आनंदापर्यंत चढत जाणारी शिडी आहे, ती ते अक्षरशः घेतात. त्यांच्या परंपरेतलं समजावणं असं की, लहान-मोठी भांडी आपापल्या मापाने काठोकाठ भरलेली असतात, कुणाला उणीव जाणवत नाही, पण मापं वेगळी ती वेगळीच. आणि सगळे जीव मुक्तीला योग्यही नसतात. काही कायम संसारात फिरणारे, काही अंधतमसाला, म्हणजे कायमच्या अंधाराला जाणारे. हे ऐकून लोक दचकतात. मी म्हणतो, दचका, पण टाळू नका. माध्व घरातल्या माणसाला ‘तुमचा आमचा मोक्ष एकच’ म्हणणं म्हणजे त्याच्या आचार्यांनी जन्मभर जे सांगितलं ते त्याच्यासमोर खोडणं. ते आपण हसतहसत करतो, म्हणून ते सौजन्य ठरत नाही.

तुमच्या ध्यानाचं काय? पतंजलींचं कैवल्य या तिन्हींहून निराळं. तिथे बंधन म्हणजे पुरुष आणि प्रकृती यांची गफलत. ती सुटली की ‘तदा द्रष्टुः स्वरूपेऽवस्थानम्’, द्रष्टा आपल्या रूपात राहतो. पुरुष अनेक, प्रत्येक मुक्त पुरुष आपल्या जागी एकटा. ईश्वर आहे, त्याला शरण जाणं हा समाधीचा एक उपायही आहे, पण मुक्त पुरुष त्याच्यात मिसळत नाही की त्याच्यापाशी जाऊन राहत नाही. शंकराचार्य ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात योगाची साधनं उचलून धरतात, पण सिद्धान्ताबद्दल स्वच्छ लिहितात: ‘द्वैतिनो हि ते सांख्या योगाश्च नात्मैकत्वदर्शिनः’. ते द्वैती आहेत, त्यांना आत्म्याचं एकत्व दिसलेलं नाही. हल्लीच्या बहुतेक शिबिरांत रीत पतंजलींची आणि शेवटच्या दिवसाचं प्रवचन वेदान्ताचं असतं. चालतं तसं, पण आपण काय जोडलंय ते जोडणाऱ्याला माहीत असावं.

नैयायिकांचा, न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, अपवर्ग म्हणजे दुःखातून कायमची सुटका, इतकंच. तिथे आनंद नाही, जाणीवही नाही. श्रीहर्षाने नैषधात टोमणा मारलाय की, शहाण्यासुरत्यांना दगड होण्याची मुक्ती सांगणारा हा न्यायसूत्रकार गोतम! वेदातल्या यज्ञकर्मालाच प्रधान मानणाऱ्या पूर्वमीमांसकांना तर बराच काळ स्वर्ग पुरत होता.

आपल्या मराठीतही हे आहे. महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानतात. जीव बद्धमुक्त, म्हणजे बांधलेला पण सुटू शकणारा. परमेश्वर नित्यमुक्त. आणि देवता नित्यबद्ध. ज्या स्वतःच बांधलेल्या, त्या कुणाला काय सोडवणार? देवतांची भक्ती केली तर देवतांची फळं मिळतील, मोक्ष फक्त परमेश्वराकडून. ‘कुठल्याही देवाला भजा, पोचतं एकाच ठिकाणी’ याला चक्रधरस्वामींच्या पंथाने सातशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीतच नकार दिलेला आहे.

एवढं झाल्यावर माणूस म्हणतो, मग गीतेचं काय? ‘ये यथा मां प्रपद्यन्ते तांस्तथैव भजाम्यहम्’. हा चौथ्या अध्यायातला श्लोक पत्रिकांवर असतो. जो मला जसा शरण येतो, त्याला मी तसाच भजतो. नीट ऐका: ‘तसाच’. जे मागाल ते मिळेल, असं तो म्हणतोय; सगळ्यांना सारखंच मिळेल असं नाही. नवव्या अध्यायात तर तो उघडच सांगतो, देवांची व्रतं करणारे देवांकडे जातात, पितरांची करणारे पितरांकडे, माझे माझ्याकडे. त्याच अध्यायात थोडं आधी म्हणतो की, दुसऱ्या देवतांचे श्रद्धावान भक्तही मलाच पूजतात, पण विधी सोडून. पुन्हा तेच: नमस्कार माझ्याकडेच येतो, पण तुझं फळ तुझ्या समजुतीएवढं.

पाचव्या अध्यायातला ‘यत्सांख्यैः प्राप्यते स्थानं तद्योगैरपि गम्यते’ हा श्लोक जरा वजनदार आहे. सांख्यांना, म्हणजे इथे ज्ञानमार्ग्यांना, जे स्थान मिळतं तेच योग्यांनाही मिळतं. जो दोन्ही एक पाहतो तोच पाहतो. इथे तर थेट ‘एकच’ आहे! भाष्यं उघडा. शंकराचार्य म्हणतात, ज्ञाननिष्ठ संन्यासी तिथे सरळ पोचतो, कर्मयोगी ईश्वरार्पण कर्म करत ज्ञान मिळवून मग पोचतो. म्हणजे वाटा दोन नाहीतच, एकीवरचे दोन टप्पे. रामानुजाचार्य म्हणतात, हे स्थान म्हणजे आत्म्याचं दर्शन. ते ज्ञानयोगानेही होतं, कर्मयोगानेही. पण आत्म्याचं दर्शन म्हणजे परमपद नव्हे. त्याच्यापुढे भक्ती आहे. ज्या श्लोकावर ‘सगळ्या वाटांचा मोक्ष एक’ हा डोलारा उभा करतात, तो श्लोक एका मोठ्या आचार्यांच्या मते अंतिम मोक्षाबद्दल बोलतच नाही.

आणि इथे ते तिसरं काहीतरी दिसू लागतं. शंकराचार्य सगुण उपासकाला नाकारत नाहीत. तो अर्चिरादी मार्गाने, म्हणजे उपनिषदांत सांगितलेल्या प्रकाशाच्या वाटेने, ब्रह्मलोकी जातो, तिथे ज्ञान होऊन शेवटी मुक्त होतो, ती क्रममुक्ती. रामानुजाचार्यांच्या लेखी तोच अर्चिरादी मार्ग म्हणजे मुक्ताची खरी वाट आणि तिचं टोक म्हणजे मोक्ष. मग केवळ आत्मस्वरूपात रमणाऱ्याचं काय? त्याला कैवल्य मिळतं, आणि ते वैष्णवांच्या हिशेबात भगवत्प्राप्तीच्या खालचं. पाहा कसं झालं: एकाचं शिखर ते दुसऱ्याच्या वाटेवरचा मुक्काम. आणि उलटही तसंच. कुणी कुणाला नकाशातून पुसलेलं नाही. प्रत्येकाने दुसऱ्याला आपल्या नकाशात जागा दिली, फक्त स्वतःच्या खाली.

समर्थांनी हे किती रोखठोक केलंय ते दासबोधाच्या चौथ्या दशकातल्या दहाव्या समासात वाचा. चार मुक्ती. देवाच्या लोकी राहणं ती सलोकता, जवळ असणं ती समीपता, त्याचं रूप मिळणं ती सरूपता. सरूपतेचं वर्णन मला फार आवडतं: भक्त अगदी देवासारखा दिसू लागतो, पण ‘श्रीवत्स कौस्तुभ लक्ष्मी नाहीं’. छातीवरची खूण नाही, मणी नाही, शेजारी लक्ष्मी नाही! रूप सगळं मिळालं, मालकी नाही मिळाली. आणि पुढचं वाक्य तर दरवाजा लावून घेतल्यासारखं आहे: ‘सुकृत सरतांच ढकलून देती’. पुण्य संपलं की बाहेर. म्हणून तिन्ही मुक्ती नाशिवंत, सायुज्य, म्हणजे एकरूप होणं, तेवढी शाश्वत. तुमच्या आजोळी हा समास वाचून दाखवलात तर जेवणाची पंगत थंड होईल. कारण समर्थ ज्या तीन मुक्तींना धर्मशाळा ठरवतात, त्यातलंच सामीप्य-सारूप्य तिथे कायमचं घर आहे आणि तिथून कुणी ढकलत नाही.

वारकऱ्यांनी मात्र या उतरंडीची मजाच केली. हरिपाठाची पहिलीच ओवी: ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी, तेणें मुक्ति चारी साधियेल्या’. ज्या चार मुक्तींच्या पायऱ्यांवर शास्त्री भांडतात, त्या चारही क्षणभर दारात उभं राहण्यात उरकल्या. आजोबा हे रोज म्हणतात. त्यांना थांबवून विचारा की, चारही साधल्या मग पुढे काय? तुकोबांचं उत्तर त्यांना पाठ असेल. ‘न लगे मुक्ति धनसंपदा, संतसंग देईं सदा’. मुक्ती धनसंपदेच्या पंक्तीला बसवलीय, नको असलेल्यांच्या यादीत. पुढे म्हणतात, खुशाल गर्भवासात घाल. दुसरीकडे तर सरळ ‘नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव, मी भक्त तूं देव ऐसें करीं’. हे तुकोबांचंच खास नाही. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिल आईला सांगतो की, सालोक्यापासून एकत्वापर्यंत सगळ्या मुक्ती देऊ केल्या तरी भक्त सेवेशिवाय घेत नाहीत. बंगालच्या चैतन्यपरंपरेने तर प्रेम हा पाचवा पुरुषार्थ केला, मोक्षाच्या वरचा.

तेव्हा ‘सगळे एकाच मोक्षाला पोचतात का’ या प्रश्नात एक गृहीत लपलेलं आहे: सगळ्यांना मोक्षच हवाय. तुमच्या आजोबांच्या परंपरेतला सगळ्यात लाडका माणूस म्हणतो, मला नकोच.

अर्थात हे ‘नको’ ज्ञानोबांच्या पायावर उभं आहे, ते विसरून चालणार नाही. वारकरी द्वैती नाही. अठराव्या अध्यायात माउली म्हणतात, ‘क्रिया कीर न साहे, तऱ्ही अद्वैतीं भक्ति आहे’. अद्वैतात क्रिया मावत नाही, तरी भक्ती आहे. आणि हे बोलून सांगण्याजोगं नाही, अनुभवाचं आहे, असंही लगेच जोडतात. मी म्हणालो असतो की हा अडचणीतून सुटण्याचा मार्ग आहे, पण अमृतानुभवात त्यांनी ते दाखवूनच दिलं: ‘देव देऊळ परिवारु, कीजे कोरूनि डोंगरु, तैसा भक्तीचा वेव्हारु, कां न व्हावा’. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्या माणसाला टीकेची गरज नाही. देऊळ, आतला देव, सभोवतालचे हत्ती आणि सेवक, सगळं एकाच कातळातून कोरलेलं. कुठेही दगडाला दगड जोडलेला नाही. देव आणि भक्त वेगळे दिसतात, पूजा चालते, आणि दोन वस्तू मात्र नाहीत. माझ्या मते भक्ती आणि ज्ञान यांची मोक्षाबाबतची ओढाताण ज्यांनी खरोखर मिटवली, त्यांत हे एक नाव. त्यांनीही ती ‘दोन्ही बरोबर’ म्हणून मिटवली नाही. स्वतःचा एक ठाम सिद्धान्त मांडून मिटवली. माध्वांना तो पटणार नाही.

मग हे ‘सगळ्या वाटा सारख्या’ आपल्या डोक्यात इतकं पक्कं कुठून बसलं? बरंचसं एकोणिसाव्या शतकातून. दक्षिणेश्वरी रामकृष्णांनी भैरवी ब्राह्मणीकडून तंत्रसाधना केली, तोतापुरींकडून अद्वैताची दीक्षा घेतली, वैष्णव भाव केले, आणि बोलले ते ‘जितकी मतं तितक्या वाटा’. त्यांच्या शिष्याने, विवेकानंदांनी, पुढे कर्म, भक्ती, राज, ज्ञान असे चार योग समोर मांडले, प्रत्येक स्वभावाला एकेक. आज आपण ‘चार मार्ग’ म्हणतो ती विभागणी मुख्यतः तिथली. मधुसूदनांना किंवा व्यासतीर्थांना राजयोग हा ज्ञानाच्या बरोबरीचा स्वतंत्र मार्ग म्हणून सांगितला असता तर दोघेही, एकदाच का होईना, एका बाजूला उभे राहिले असते. टिळकांनीही 1915 च्या गीतारहस्यात कर्मयोगाला सगळ्यात वर नेलं, पण मोक्ष ज्ञानानेच हे सोडलं नाही. ज्ञान झाल्यावर कर्म सोडायचं की करायचं, एवढ्यावरच त्यांचा शंकराचार्यांशी झगडा. रामकृष्णांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यांचं म्हणणं शिबिरातल्या सुविचारापेक्षा कितीतरी खोल आहे: ते करून पाहिलेल्या माणसाचं बोलणं आहे. पण तेही अनुभवाचा अर्थ लावूनच बोलले, आणि तो अर्थ वेदान्ताच्या भाषेतला होता. समाधीत काय दिसलं ते एकाला ब्रह्म वाटतं, दुसऱ्याला विठ्ठल, तिसऱ्याला फक्त द्रष्टा. अनुभव एकच होता आणि नावं वेगळी, हे बाहेरून ठरवणारा चौथा माणूस कुठे उभा राहणार? तोही कुठल्यातरी दर्शनात पाय रोवूनच बोलतो.

समान काय आहे, तेही सांगायला हवं, नाहीतर मी नुसता भेदच मांडतो असं वाटेल. ‘अनावृत्तिः शब्दात्’, परत येणं नाही. ब्रह्मसूत्रांचं शेवटचं सूत्र आहे हे, आणि शंकर, रामानुज, मध्व तिघेही त्यावर भाष्य करताना मुक्त परत येत नाही याच्याशी सहमत. दुसरं, वाटेवरचा पहिला मोठा भाग जवळजवळ सारखा: खोटं सोडणं, इंद्रियं आवरणं, ‘मी केलं’ हा ताठा उतरणं. माळ घातलेला, मुद्रा लावलेला आणि आसनावर बसलेला, तिघेही इथे एकाच घामाने भिजतात. वेगळेपण सुरू होतं ते पार वर, जिथवर आपल्यापैकी फारच थोडे पोचलेत. म्हणूनच लग्नाच्या पंगतीत ‘सगळं एकच’ हे वाक्य चालून जातं: आपण सगळे अजून खालच्या घाटात आहोत.

माझं मत विचारलंत म्हणून: अद्वैत खरं असेल, आणि मला ते तसं वाटतं, तर माध्व भक्तही अखेर तिथेच येणार आहे, मग त्याला ते पटो वा न पटो. पण हे मी माझ्या नकाशावरून बोलतोय. द्वैत खरं असेल तर मी माझ्या मापाचं भांडं घेऊन रांगेत असेन, आणि ‘मीच ते’ म्हणत राहिल्याचा जाब मला द्यावा लागेल. दोन्ही एकाच वेळी खरं नाही. हे कबूल करून माध्व मित्राशी बोललो की बोलणं जास्त मोकळं होतं, असं मी पाहिलंय.

आता तुमच्या शेवटच्या भागाबद्दल. एकत्र करायला हरकत नाही, पण साधनं एकत्र करा, साध्यं नको. नामस्मरणाने मन बसतं, आसन-प्राणायामाने शरीर साथ देतं, एकादशीच्या उपासाने जीभ ताब्यात येते. यात विरोध नाही, ज्ञानोबांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीचा पंथराज, म्हणजे योगमार्ग, सांगून नवव्यात नामकीर्तन सांगितलंच आहे. विरोध येतो तो सकाळी कैवल्यासाठी सगळ्यापासून सुटं व्हायचं आणि संध्याकाळी विठ्ठलाला ‘मला सोडू नको’ म्हणायचं, असं चाललं की. त्यात एक हात दुसऱ्याचं काम उसवतो. काही वर्षांनी माणूस येऊन सांगतो की, ध्यानात कोरडं वाटतं आणि भजनात खोटं वाटतं. असे लोक मला भेटतात. बहुतेकांत साधनेचा दोष नसतो, मुक्काम ठरलेला नसतो.

ठरवायचा कसा? भागवताच्या अकराव्या स्कंधाच्या विसाव्या अध्यायात कृष्ण उद्धवाला ज्ञान, कर्म आणि भक्ती हे तीन योग सांगतो आणि लगेच कुणाला कुठला ते सांगतो. ज्याचं मन कर्मांवरून खरोखर उडालंय त्याला ज्ञान. ज्याच्या इच्छा अजून जोरात आहेत त्याला कर्म. आणि जो ना पुरता विरक्त, ना फार आसक्त, पण ज्याला माझ्या कथेत गोडी वाटते, त्याला भक्ती. नाथांनी या अध्यायावर मोकळ्या मराठीत लिहिलंय, एकनाथी भागवत घरात असेलच, काढून वाचा. वाचताना मोक्ष कुठला श्रेष्ठ हे शोधू नका; तुम्ही या तिघांतले कोण ते शोधा. तुमच्या लिहिण्यावरून मला अंदाज आहे. आजोबांच्या हरिपाठाबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि स्वतःच्या ध्यानाबद्दल एक, तीही उपाय विचारण्यासाठी. ध्यान सोडू नका, पण महिनाभर ध्यानाला बसण्याआधी आजोबांजवळ बसून हरिपाठ पुरा म्हणा, मोठ्याने, टाळ धरून. नंतर पुन्हा लिहा. तेव्हा योगसूत्रांबद्दल बोलू. आणि आजोळी विषय निघाला तर ‘सगळं एकच’ म्हणू नका. मामांना तारतम्य समजावून सांगायला सांगा. ते आनंदाने सांगतील, जेवण लांबलं तरी.